एका 'ष्ठ'ची गोष्ट

आमच्या लग्नपत्रिकेत मी 'ज्येष्ठ चिरंजीव' आहे आणि आमची ही नुसतीच 'धाकटी कन्या' आहे. यामागे वरपक्षाचा तोरा नसून छापखान्यातला खिळ्यांचा तुटवडा आहे, हे मी तिला लग्नापासून पटवतो आहे. अजून पटलेले नाही.

मजकूर रीतसर होता. 'आमचे ज्येष्ठ चिरंजीव' आणि पुढे 'यांची कनिष्ठ कन्या'. जुळाऱ्याने चष्म्यावरून वडिलांकडे पाहिले. "काका, ह्या मापाचा 'ष्ठ' एकच शिल्लक आहे. मुलगा ज्येष्ठ ठेवा, नाहीतर मुलगी कनिष्ठ ठेवा. दोन्ही नाही जमायचं." वडिलांनी 'ष्ठ' घरातच ठेवला. थोरल्या मुलाचे लग्न ज्येष्ठ महिन्यात करू नये असे आपल्याकडे म्हणतात, ते एखाद्या छापखानेवाल्यानेच सुरू केले असावे!

तेव्हा मी हसलो. पुढे मुद्रणाचा इतिहास वाचायची खोड लागली आणि कळले, की आमच्या जुळाऱ्याची तक्रार चारशे वर्षांपूर्वीच थेट रोमला जाऊन आली आहे.

जर्मनीतल्या माइन्झ गावी गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास खिळे जुळवून बायबल छापले. युक्ती सोपी वाटते. प्रत्येक अक्षराचा उलटा खिळा ओतायचा, खिळे जुळवून पान छापायचे, मग मोडून तेच खिळे पुढच्या पानाला. पाहुण्यांच्या पंगतीला तीच ताटे धुऊन पुन्हा मांडावीत तसे. पण ताटे पुरेशी हवीत!

भारतात छापखाना आला तो १५५६ साली, गोव्यात. खरे तर तो ॲबिसिनियाला निघाला होता. वाटेत गोव्याला उतरला आणि तिथलाच झाला. म्हणजे आमच्याकडे यंत्र आले तेही दुसऱ्याच्या पत्त्यावरचे. त्यावर पोर्तुगीज, लॅटिन सारे छापले जाऊ लागले. १५७८ साली कोल्लमला तमिळ पुस्तकही तमिळ लिपीत छापून झाले. तमिळमध्ये जोडाक्षरांचा पसारा फारसा नाही, त्यामुळे थोड्या खिळ्यांत संसार भागला.

मराठीचे घोडे मात्र अडले. १५७९ साली गोव्याला आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स मराठीच्या प्रेमात पडला. इथल्या भाषेतली पुस्तके इथल्याच लिपीत छापावीत अशी त्याची फार इच्छा. १६०८ साली त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून अडचण मांडली: युरोपात चोवीस साच्यांत काम होते, इथे सहाशे लागतात!

सहाशे! काना, मात्रा, वेलांटी, रफार, त्यात क्ष, ज्ञ आणि आमचा 'ष्ठ'. शेवटी बिचाऱ्याने आपले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापले. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, त्यांत मराठीची तोंडभर स्तुती, आणि अक्षर एकही मराठी नाही. नवरी आपली, शालू शेजारणीचा.

१६७४ साली भीमजी पारेख यांच्या खटपटीने मुंबईत विलायतेहून मुद्रक आला. त्याला छापता येत होते, खिळे पाडता येत नव्हते. १८०५ साली मिरजेच्या पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापवली. खिळ्यांच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. त्याच साली विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. कुठे? पुण्यात नाही, मुंबईत नाही, बंगालमध्ये, श्रीरामपूरला! तिथल्या छापखान्यासाठी देवनागरी खिळे घडवायला हात लावला तो पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने. गोव्यात यंत्र उतरल्यापासून २४९ वर्षे मराठी आपल्या अक्षरांची वाट पाहत उभी होती. यंत्र विकत मिळते, राजाश्रयही मिळतो. पण एकेक अक्षर पोलादावर उलटे कोरत बसणारा माणूस मिळावा लागतो.

आमच्या जुळाऱ्याने तो एकुलता 'ष्ठ' चिमट्याने उचलून पत्रिकेत बसवला, तेव्हा त्याच्या बोटांमागे ही अडीच शतके उभी होती. मी मात्र "लवकर करा हो" म्हणत होतो.

आता संगणकावर हवे तेवढे 'ष्ठ' मिळतात. परवा ही सारी कथा बायकोला सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली,

"ते सगळं खरं. पण आता मीही ज्येष्ठ नागरिक झालेय. माझा 'ष्ठ' परत करा!"