पडद्यावरील नरभक्षक वनस्पती आणि पठारावरील दवबिंदू

माणसाला गिळू पाहणारी वनस्पती हा अल्प खर्चातील भयपटांचा एक आवडता विषय. चार्ल्स डार्विन यांनी कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ 1875 साली प्रसिद्ध केला आणि कथाकारांच्या कल्पनेला खाद्य मिळाले. एच. जी. वेल्स यांनी 1894 मध्ये रक्तपिपासू ऑर्किडची कथा लिहिली. सत्यजित राय यांनीही बंगालीत मांसभक्षक झाडावर कथा रचली.

रॉजर कॉर्मन यांच्या 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (1960) या चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण अवघ्या दोन दिवसांत उरकले. फुलांच्या दुकानातील नोकर एक रोप वाढवतो आणि ते माणसाचे रक्त मागू लागते, हे त्याचे कथासूत्र. पुढे 1982 मध्ये त्यावर संगीत नाटक आले आणि 1986 मध्ये त्या नाटकावर चित्रपट निघाला.

मित्रमंडळींनी मिळून केलेल्या भयपटाचे ठळक उदाहरण म्हणजे 'अटॅक ऑफ द किलर टोमॅटोज' (1978). सॅन दिएगोतील जॉन डिबेलो व त्यांच्या मित्रांनी आधी त्याच कल्पनेवर लघुपट केला होता. चित्रीकरणात भाड्याचे हेलिकॉप्टर खरोखरच कोसळले; ते दृश्य त्यांनी चित्रपटात तसेच ठेवले. या विडंबनात्मक भयपटाचे पुढे तीन भाग निघाले.

खऱ्या कीटकभक्षी वनस्पती गोव्याच्या जांभ्या पठारांवर पावसाळ्यात उगवतात. दवबिंदूच्या पानांवरील केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात. त्यांत किडा अडकला की वनस्पती त्याला पचवते. सीतेची आसवे ही निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते. पठारावरील मातीचा थर पातळ आणि त्यात नत्र कमी. ती उणीव भरून काढण्यासाठी ही शिकार.

पावसाळा सरला की ही रोपे दिसेनाशी होतात. उन्हाळ्यात काळवंडलेले पठार पडीक भासते आणि त्याच्या वापराचा निर्णय बहुधा त्याच रूपाकडे पाहून होतो. पेडणे तालुक्यातील मोपा पठारावरील विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली होती. जानेवारी 2020 मध्ये अटींसह ती स्थगिती उठली आणि डिसेंबर 2022 मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. उरलेल्या पठारांची पाहणी व्हायची असेल, तर ती पावसाळ्यातच व्हायला हवी.