गावगाड्यातला सुतार

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी मुलखात, ज्याला ढोबळपणे देश म्हणतात, तेथील खेड्याचा इतिहास बहुधा पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांवरून लिहिला गेला. परंतु ज्याच्या हातावाचून त्या खेड्यातली एक पेरणीही वेळेवर झाली नसती, तो सुतार त्या इतिहासात क्वचितच नावानिशी आढळतो. बारा बलुतेदारांमध्ये, म्हणजे गावाची ठरावीक कामे करून त्याबद्दल पिकातला वाटा घेणाऱ्या कारागीर व सेवकांमध्ये, त्याची गणना बहुतेक ठिकाणी थोरल्या ओळीत होई. कुणब्याचे ज्याच्याशी जितके अधिक काम, तितका त्याचा वाटा मोठा, असे या ओळींचे सर्वसाधारण तत्त्व असल्यामुळे सुताराचे हे स्थान त्याच्या कामाच्या निकडीवरूनच ठरलेले होते.

ती निकड समजण्यासाठी तिफणीचे उदाहरण पुरेसे आहे. तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार. दिंड नावाच्या आडव्या जाड लाकडात हे फण बसवलेले असतात आणि वरच्या चाड्यात, म्हणजे बी सोडण्याच्या लाकडी पात्रात, मुठीतून पडणारे धान्य पोकळ नळ्यांवाटे त्या फणांमागे जमिनीत उतरते. चाड्याची भोके सारखी कोरलेली नसली तर एक ओळ दाट आणि दुसरी विरळ उगवते. फणाचा कल थोडा चुकला तर बी ओलीपर्यंत पोचत नाही किंवा फार खोल जाऊन कुजते. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, म्हणजे जमिनीतली ओल पेरणीजोगी झाली, की ही चूक दुरुस्त करायला हाताशी मोजकेच दिवस उरत, आणि त्या दिवसांत अख्खे गाव आपापले औत घेऊन सुताराच्या दारी येई. म्हणून सुताराचे खरे मोल नव्या वस्तू घडवण्यापेक्षा त्या ऐन हंगामात चालत्या ठेवण्यात होते, आणि बलुत्याची पद्धत नेमकी याच गोष्टीला धरून होती: दर कामाचा दाम न ठरवता वर्षाची बेगमी खळ्यावर, मळणीच्या वेळी, धान्याच्या व पेंढ्यांच्या रूपाने होत असल्याने, मोडलेले जू घेऊन आलेल्या गरीब कुणब्याला रोख पैसा नसला तरी परत जावे लागत नसे. नवी गाडी किंवा घराचे लाकूडकाम मात्र सामान्यतः या हिशेबाबाहेरचे असे आणि त्याची मजुरी वेगळी ठरे.

बैलगाडीचे चाक हे त्याच्या कसबाची सर्वांत कठीण परीक्षा होते. मधल्या तुंब्यात आरे ठोकायचे, आऱ्यांच्या टोकांवर पाटे, म्हणजे परिघाचे वक्र तुकडे, जुळवायचे, आणि मग लोहाराने गोवऱ्यांच्या विस्तवात लाल केलेली लोखंडी धाव त्यावर चढवून तिच्यावर पाणी ओतायचे. आकसणारी धाव सगळे सांधे आवळून घेई. येथे सुतार आणि लोहार यांचे माप एकमेकांशी जुळावे लागे, कारण धाव किंचित सैल राहिली तर ती वाटेत निसटे आणि फार घट्ट झाली तर आरेच वाकत. बाभळीचे लाकूड यासाठी पसंत केले जाई, पण ते पुरते वाळलेले आहे की नाही हे पारखणे हातानेच शिकावे लागे.

हे शिक्षण घरात होई. वडील वाकसाने लाकूड तासत, मुलगा सामत्याची, म्हणजे भोके पाडण्याच्या अवजाराची, दोरी ओढी. मोठ्या करवतीला समोरून दुसरा हात लागे तो भावाचा किंवा पुतण्याचा. तासताना निघालेल्या ढलप्या घरच्या चुलीत जात. बलुत्याचा हक्क वंशपरंपरेचा असल्यामुळे भाऊ विभक्त झाले की तोही वाटला जाई, आणि वाटा लहान होत गेला तरी गावाचे काम सोडून जाणे सोपे नसे. पिढ्यान्‌पिढ्या हक्क धारण करणाऱ्याला वतनदार आणि बाहेरून येऊन काम धरणाऱ्याला उपरी म्हणत; या दोघांतले तंटे जुन्या कागदपत्रांत नोंदलेले आहेत. त्याच कागदांत, महजर म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या पत्रांवर, पाटलाच्या नांगराच्या निशाणीबरोबर बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्याही उमटलेल्या दिसतात. निरक्षर कारागिराचा शब्द गावाच्या न्यायात धरला जाई, याचा हा सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे.

जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांच्या आधारे असे प्रतिपादन केले की बलुतेदार हे एकेका कुटुंबाचे आश्रित नसून समग्र गावाचे सेवक होते. सुताराच्या बाबतीत हे मत विशेष पटते. तरीही या व्यवस्थेचे गोडवे गाणे योग्य नाही. तिचा पाया जात हाच होता, आणि जे वतन सुताराला मान देई तेच वतन महारांना राबवणुकीत जखडून ठेवी, म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथातही बलुत्याची कठोर चिकित्सा आहे.

सुताराच्या कामावर पहिला मोठा आघात लोखंडी नांगराने केला. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर, आपला कारखाना हलवला; लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे आरंभी शेतकरी बिचकले, पण खोल नांगरटीचा लाभ दिसताच ती भीती ओसरली. झिजलेला फाळ आता बदलता येई, आणि त्यासाठी लाकूड तासणाऱ्याची गरज नव्हती. पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, तेव्हा तुंबा, आरे आणि धाव यांचे गणित मागे पडले. ट्रॅक्टरने उरलेले काम नेले. तिफण आणि पाभर, म्हणजे पेरणीचेच दुसरे अवजार, मात्र बरीच वर्षे टिकून राहिली, कारण कोरडवाहू जमिनीत पेरणीची खोली त्या त्या रानाच्या मातीप्रमाणे बदलावी लागते आणि ते माप गावच्याच सुताराला ठाऊक असे. खळ्यावरचे धान्य जाऊन रोख मजुरी आली, आणि पुष्कळ सुतार कुटुंबांतली तरुण मुले दारे-खिडक्या व फर्निचरच्या कामासाठी तालुक्याला आणि पुण्या-मुंबईला गेली.