संग्राह्य वस्तू की संहिता? : जुन्या ट्रान्झिस्टर-संचांचे वाचन

जुन्या ट्रान्झिस्टर-संचांचा संग्रह हा बहुधा स्मरणरंजनाचा विषय मानला जातो. तथापि श्रवणसंस्कृतीचे साधन म्हणून या संचांकडे पाहिल्यास हस्तलिखितांच्या अभ्यासकाला परिचित असलेलेच प्रश्न येथेही उपस्थित होतात : काळ कसा ठरवावयाचा, वापराच्या खुणांना कोणते मूल्य द्यावयाचे आणि जीर्णोद्धार कोठे थांबवावयाचा?

१९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर सिद्ध झाला. १९५४ च्या अखेरीस अमेरिकेत विक्रीस आलेला ‘रीजन्सी टीआर-१’ हा चार ट्रान्झिस्टरांचा, हातात मावणारा संच ४९.९५ डॉलरला मिळे. १९५७ मध्ये सोनीचा ‘टीआर-६३’ आला. त्या काळी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या संचांच्या डायलवर ६४० आणि १२४० या स्थानांपाशी लहान त्रिकोण आढळतात. शत्रूच्या विमानांना प्रक्षेपणाच्या आधारे दिशा सापडू नये, यासाठी संकटकाळी याच दोन ठिकाणी सूचना ऐकविण्याची योजना होती. १९६३ मध्ये ती संपली आणि त्रिकोणही गेले. संग्राहक त्यांवरून संचाचा काळ ठरवितो; इतिहासाच्या अभ्यासकाला तेथे शीतयुद्धाचे भय मुद्रित झालेले दिसते.

भारतीय संचाची संहिता निराळी आहे. येथे रेडिओ बाळगण्यास परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत संपुष्टात आली. म्हणून संचासोबत मिळालेले परवाना-पुस्तक संचाइतकेच मोलाचे. १९५२ नंतर, बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीने चित्रपटसंगीताला जवळजवळ दार बंद केले आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली, तरी शॉर्टवेव्हवर केंद्र शोधण्याची सवय टिकली. घरातील व्हॉल्व्हचा रेडिओ एका जागी असे आणि त्याची कळ वडीलधाऱ्यांच्या हाती असे. ट्रान्झिस्टर मात्र वीज न पोहोचलेल्या गावातही शेताच्या बांधावर गेला. श्रवण हळूहळू व्यक्तिगत झाले.

माझ्या संग्रहातील एका संचाच्या डायलवर, शॉर्टवेव्हच्या पट्टीत, निळ्या शाईची बारीक रेघ आहे. आपले केंद्र नेमके सापडावे म्हणून पूर्वीच्या मालकाने ती ओढली असावी. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ती पुसून देण्याची तयारी दाखविली. मी नको म्हटले. पोथीच्या समासातील टिपेइतकाच तो वाचकाचा, येथे श्रोत्याचा, पुरावा आहे.

संच बोलता व्हावा, ही इच्छा अर्थातच गैर नाही. सुकलेले कपॅसिटर बदलल्यावाचून अनेकदा गत्यंतर नसते. परंतु काढलेले भाग जपून ठेवावेत व बदलांची नोंद करावी. पाठसंपादक पाठभेदांची नोंद ठेवतो, तशी. चामड्याच्या पिशवीचा झिजलेला पट्टा मात्र बदलू नये. नव्यासारखा झळकणारा संच उत्पादकाविषयी पुष्कळ सांगतो. ऐकणाऱ्याविषयी तो मूक असतो. आस्वादाच्या इतिहासाला गरज आहे ती या दुसऱ्या साक्षीची.