दुरुस्ती की नवा कॅमेरा?

वसई-विरारकडच्या एखाद्या शाळेच्या कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा डिजिटल कॅमेरा असतो. किल्ल्याची सहल, विज्ञान प्रदर्शन, पावसाळ्यातील वनस्पती यांची छायाचित्रे त्याने टिपलेली असतात. आता चित्रात ठिपके उमटतात, किंवा भिंग बाहेरच येत नाही. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? दुकानदाराला विचारण्याआधी हा प्रश्न कॅमेऱ्याच्या इतिहासाला विचारून पाहू.

१९१८ च्या सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी दामले यांच्या साथीने चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. हे शक्य झाले, कारण तो कॅमेरा म्हणजे मुख्यतः भिंग, शटर आणि दंतचक्रे. जे हातांनी घडवता येते ते झिजल्यावर पुन्हा घडवताही येते. शिवाय प्रकाशाची नोंद कॅमेरा करतच नसे. ती फिल्म करी. रीळ बदलले की कॅमेऱ्याला जणू नवे दृष्टिपटल मिळे.

ही व्यवस्था बदलली ती सीसीडी या संवेदकामुळे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी त्याची कल्पना मांडली. सिलिकॉनच्या पातळ तुकड्यावर हजारो सूक्ष्म घरे असतात. प्रकाश पडला की प्रत्येक घरात विद्युतभार साठतो. तो मोजला की चित्र तयार होते. १९७५ मध्ये कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन यांनी १०० × १०० बिंदूंचा पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. आता दृष्टिपटल कॅमेऱ्यातच कायमचे बसले, आणि त्याच्याबरोबर म्हातारे होऊ लागले.

याचा प्रत्यय २००५ मध्ये आला. अनेक जपानी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतील सीसीडीच्या आतील जोडण्या उष्ण व दमट हवेत सुटू लागल्या आणि कंपन्यांना त्या विनामूल्य दुरुस्त करून द्याव्या लागल्या. आपल्या किनारपट्टीला दमट हवा नवी नाही. भिंगावर बुरशीचे जाळे धरते तेही याच हवेमुळे.

मग निर्णय कसा करावा? मे २००९ मध्ये हबल दुर्बिणीवर गेलेल्या अंतराळवीरांनी एकाच मोहिमेत दोन्ही गोष्टी केल्या. १९९३ पासून काम करणारा एक कॅमेरा चालू स्थितीत होता, पण त्याचे संवेदक जुन्या पिढीचे होते. तो काढून नवा बसवला. दुसरा २००७ मध्ये विद्युत-बिघाडाने बंद पडला होता, पण त्याचा मुख्य संवेदक उत्तम होता. त्याच्या झाकणाचे ३२ स्क्रू काढून परिपथांची चार पाटे बदलली, नवा वीजपुरवठा जोडला आणि तो मुख्य भाग पुन्हा चित्रे देऊ लागला. म्हणजे चालू असलेला कॅमेरा गेला आणि बंद पडलेला राहिला! ‘चालतो का?’ एवढेच विचारून भागत नाही; ‘नेमके काय थकले आहे?’ हे विचारावे लागते.

हीच कसोटी शाळेत लावता येईल. भिंगावर टोपी घालून काही सेकंदांचे चित्र घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक वेळी त्याच जागी चमकणारे ठिपके दिसले, तर ती घरे बिघडलेली आहेत. असे ठिपके थोडे असतील तर काम चालू शकते. वाढत गेले तर संवेदक थकला असे समजावे, आणि तो बदलण्याचा खर्च बहुधा परवडत नाही. बॅटरी, कार्ड, बटणे यांचा दोष असेल, तर दुरुस्ती जरूर करावी.

एक सावधगिरी मात्र हवी. कॅमेरा विद्यार्थ्यांसमोर उघडू नका. बॅटरी काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. हे काम कारागिराकडेच द्यावे. निकामी ठरलेला कॅमेरा कचराकुंडीत न टाकता ई-कचरा संकलनाकडे सोपवावा. आणि नव्या कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. म्हणजे हाच प्रश्न पुन्हा लवकर पडणार नाही.