महोगनी फिनिश

फर्निचरच्या दुकानातल्या कॅटलॉगमध्ये 'महोगनी फिनिश' हमखास असतं. बहुतेक वेळा ते प्लायवर चिकटवलेलं लालसर तपकिरी लॅमिनेट, झाडाशी संबंध फक्त नावापुरता. पण या नावाला एवढं वजन आलं कुठून? गोष्ट रोचक आहे, आणि थोडी अस्वस्थ करणारीसुद्धा.

महोगनी मूळची क्युबा, जमैका, मध्य अमेरिका या भागातली. कुळ मात्र आपल्या कडुनिंबाचं! ताजं कापलेलं लाकूड गुलाबीसर असतं, वर्षं जातात तसं गडद होत जातं. वाळताना फारसं वाकत नाही, आणि फळ्या चांगल्या रुंद निघतात. १७२१ साली ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात काढली आणि तिकडच्या सुतारांची चंगळ झाली. तोवर उंची फर्निचर म्हणजे अक्रोड. १७५४ मध्ये थॉमस चिपेंडेलने फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक काढलं तोपर्यंत महोगनी म्हणजे श्रीमंती हे समीकरण पक्कं झालं होतं.

जमैकातली हाताशी असलेली झाडं संपत आली तसा व्यापार होंडुरासच्या आखाताकडे, म्हणजे आजच्या बेलीझकडे सरकला. तिथे ही झाडं कापायची कोणी? अर्थात आफ्रिकन गुलामांनी. महोगनीचं जंगल नसतंच, इतर झाडांत मध्येच एखादं सापडतं. म्हणून प्रत्येक टोळीत एक शोधणारा असे. ऑगस्टच्या सुमारास तो सगळ्यात उंच झाडावर चढायचा आणि पानांच्या पिवळसर-लाल रंगावरून लांबची महोगनी ओळखायचा. बुंधा फार पसरट, म्हणून जमिनीपासून १०-१२ फुटांवर माचाण बांधून त्यावरून कुऱ्हाड चालवायची. ओंडके ओढायचे ते एप्रिल-मेमध्ये, रात्री, मशालींच्या उजेडात, कारण दिवसाच्या उन्हात बैल टिकत नसत. मग पावसाने नदी फुगली की ओंडके समुद्राकडे!

१८३८ पर्यंत गुलामगिरी पूर्ण संपली. पण मालकांनी नवा उपाय काढला. नाताळच्या सुमारास मजुरांना उचल द्यायची, पगाराचा काही भाग आपल्याच दुकानातल्या मालात चुकता करायचा. उचल फिटायची नाही आणि माणूस सुटायचा नाही. आपल्याकडच्या ऊसतोडणीची आठवण होते ना?

बेलीझ १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या झेंड्यावर महोगनीचं झाड आहे आणि पुढे दोन कामगार, एकाकडे कुऱ्हाड, दुसऱ्याकडे वल्हं. खालच्या लॅटिन ब्रीदवाक्याचा अर्थ 'मी सावलीत बहरतो'. ज्यांच्या नशिबी सावली कमी आणि कुऱ्हाडच जास्त आली, तेच आता झेंड्यावर आहेत, हे मला फार आवडलं.

झाडाचं काय? मोठ्या पानांच्या महोगनीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याची अट घालायचं २००२ मध्ये ठरलं, २००३ पासून ती लागू झाली. अट अमेरिका खंडातल्या झाडांपुरती आहे, आपल्याकडच्या लावलेल्या झाडांना नाही. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात महोगनी १७९५ मध्ये आली, आणि आज मुंबईत रस्त्याच्या कडेलाही दिसते. टणक तपकिरी फळ तडकतं आणि पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात.

असो. पुढच्या वेळी सेल्समन 'महोगनी फिनिश' म्हणाला की घासाघीस जरूर करा. पण ती माचाणावरची माणसंही एकदा आठवा.