नरवृक आणि न्यायासन

मनुष्याचा लांडगा होतो ही समजूत युरोपांत फार प्राचीन आहे. इंग्रजींत अशा प्राण्यास 'वेअरवुल्फ' म्हणतात. त्यांतील पहिल्या पदाचा अर्थ 'पुरुष' असा असल्यामुळें 'नरसिंह', 'नरव्याघ्र' या शब्दांच्या धर्तीवर आम्ही त्यास येथें 'नरवृक' म्हणूं. सामान्य वाचकाच्या हातीं या विषयावर जें लिखाण पडतें त्यांत पौर्णिमेची रात्र, रुप्याची गोळी इत्यादि भयानक रसाच्या सामग्रीचाच भरणा अधिक असतो. आमच्या मतें या समजुतीचा खरा इतिहास न्यायालयांच्या दप्तरांत शोधला पाहिजे. 'मी लांडगा होतों' असें म्हणणारीं हाडामांसाचीं माणसें तेथें खरोखरच उभीं राहिलीं होतीं, आणि त्यांचें काय करावें हें कोणास तरी ठरवावें लागलें होतें.

परंतु न्यायाधीशांच्या आधीं कवींनीं या विषयाचा विचार केला होता, म्हणून प्रथम त्यांच्याकडे वळूं. ओव्हिड या रोमन कवीच्या 'मेटॅमॉर्फोसिस' काव्याच्या पहिल्याच सर्गांत लायकेऑन राजाची कथा आहे. अतिथि म्हणून आलेल्या ज्युपिटरच्या देवपणाची परीक्षा पाहण्यासाठीं या राजानें त्यास नरमांस वाढलें, आणि त्या पापाबद्दल तो लांडगा झाला. जो क्रूरपणा आंत होता तोच बाहेर प्रकट झाला, इतकाच या रूपांतराचा अर्थ. पहिल्या शतकांतील पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मध्यें मात्र असलीच गोष्ट एका मेजवानींत पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं सांगितली जाते. एक शिपाई चांदण्या रात्रीं थडग्यांपाशीं कपडे उतरवितो आणि लांडगा होऊन पळतो. तो मेंढरांवर तुटून पडतो, एक गुलाम त्याच्या मानेंत भाला खुपसतो, आणि नंतर पाहावें तों शिपाई अंथरुणावर पडलेला असून वैद्य त्याच्या मानेवर उपचार करीत आहे! पशूस झालेली जखम माणसाच्या अंगावर सांपडावी ही कल्पना पुढें थट्टेची राहिली नाहीं. आंरी बोगे या न्यायाधीशानें अशाच एका जखमेची हकीकत खरी घडलेली म्हणून आपल्या ग्रंथांत नमूद केली.

बाराव्या शतकांत मारी द फ्रान्स या कवयित्रीनें 'बिस्क्लाव्रे' नांवाचें कथाकाव्य रचिलें. तें आम्हांस या साऱ्या वाङ्मयांत श्रेष्ठ वाटतें. ब्रिटनी प्रांतांतील एक सरदार आठवड्यांतून तीन दिवस लांडगा होत असे. हें रहस्य कळतांच पत्नीनें आपल्या एका चाहत्याकरवीं त्याचीं वस्त्रें पळविलीं. त्यामुळें त्यास मनुष्यरूप पुन्हा मिळेना. पुढें राजा शिकारीस आला असतां या लांडग्यानें रिकिबीपाशीं जाऊन त्याच्या पायाचें चुंबन घेतलें, आणि राजानें त्यास अभय देऊन दरबारीं नेलें. एरवीं गाईसारखा गरीब असलेला हा पशु एके दिवशीं त्या पत्नीवर धांवून गेला व त्यानें तिचें नाक तोडलें. लोक त्यास ठार मारणार, इतक्यांत एका शहाण्या पुरुषानें त्यांस थांबविलें. जो कोणास उपद्रव देत नाहीं तो हिच्यावरच कां धांवला, याचा शोध आधीं घ्यावा असें त्यानें सुचविलें. शोध झाला, वस्त्रें परत मिळालीं आणि सरदार पूर्ववत् मनुष्य झाला. त्या शोधासाठीं पत्नीचा छळ करण्यांत आला हें खरें. तो काळच तसा होता. तथापि दंडापूर्वीं कारण विचारावें हें तत्त्व या कथेनें स्पष्ट सांगून ठेविलें.

चारशें वर्षांनंतर प्रत्यक्ष न्यायालयांपुढें हा प्रसंग आला तेव्हां असा शहाणा पुरुष क्वचितच जवळ होता. इ. स. १५७३ मध्यें फ्रांश-कोंते प्रांतांत मुलांचे बळी जाऊं लागले, आणि दोल येथील न्यायालयानें गांवकऱ्यांस भाले, बंदुका, काठ्या घेऊन नरवृकाचा पाठलाग करण्याची परवानगी दिली. गुन्हेगार लांडगा आहे हें येथें आधींच ठरलें. माणूस तेवढा शोधावयाचा राहिला. तो जिल गार्निए या गांवाबाहेर राहणाऱ्या दरिद्री एकांतवाशाच्या रूपानें सांपडला. एका मुलीवर झडप घालणाऱ्या पशूचा चेहरा त्याच्यासारखा दिसला असें कांहीं जण म्हणाले. संसाराचें पोट भरेना म्हणून अरण्यांत भटकत असतां एका पिशाच्चानें आपणांस मलम दिलें, असें त्यानें सांगितलें आणि मुलें मारून खाल्ल्याचें कबूल केलें. १५७४ च्या जानेवारींत त्यास जिवंत जाळण्यांत आलें. मुलें खरोखरच मेलीं होतीं, आईबापांचा आक्रोश खोटा नव्हता. गार्निए खुनी असेलही. परंतु उपासमारीनें भ्रमिष्ट झालेला खुनी आणि सैतानी मलमानें लांडगा बनलेला मनुष्य यांतील भेद पाहण्याची गरज न्यायासनास वाटली नाहीं.

हा भेद त्या काळास अज्ञात होता असें मात्र नव्हे. रात्रीं थडग्यांमधून लांडग्यासारखें भटकणें हा मनोविकार आहे असें सातव्या शतकांतील पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्यानें लिहून त्यावर उपचार सांगितले होते. योहान वायर या वैद्यानें १५६३ सालीं असल्या कबुलीजबाबांच्या मुळाशीं रोगी मनाचा भ्रम असतो असें प्रतिपादन केलें. उलट राज्यशास्त्रांत ज्याचें नांव आजही आदरानें घेतलें जातें त्या झां बोदें या कायदेपंडितानें १५८० सालीं गार्निएचाच दाखला देऊन रूपांतर खरें ठरविलें!

या पार्श्वभूमीवर १६०३ चा बोर्दोचा निकाल लक्षांत घेण्याजोगा आहे. नैर्ऋत्य फ्रान्समधील झां ग्रेनिए हा गुरें राखणारा तेरा-चौदा वर्षांचा पोर. बापाच्या मारामुळें घर सोडून तो वणवण फिरत होता. 'अरण्याच्या स्वामी'नें आपणांस लांडग्याचें कातडें दिलें असून आपण मुली खाल्ल्या आहेत, अशी बढाई तो गुराखी मुलींपुढें मारी. मार्गरीत नांवाच्या एका मुलीनें आपल्यावर पशूनें हल्ला केल्याचें सांगितलें आणि खटला उभा राहिला. त्या काळच्या रीतीनें त्याचा शेवट अग्नींतच व्हावयाचा. पण बोर्दोच्या वरिष्ठ न्यायालयानें ६ सप्टेंबर १६०३ रोजीं त्याचें वय आणि मंदबुद्धि लक्षांत घेऊन त्यास शहरांतील एका मठांत जन्मभर ठेवावें असा निकाल दिला. मठांतून पळाल्यास मात्र देहदंड होता.

पिएर द लांक्र हा न्यायाधीश १६१० मध्यें त्यास पाहण्यास मठांत गेला. त्याच द लांक्रनें आदल्या वर्षीं लाबूर प्रांतांत चेटुकाच्या आरोपावरून अनेकांस अग्नींत लोटलें होतें. ग्रेनिए हातापायांवर चालतो, आपण लांडगा होतों असें अजूनही सांगतो, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पोर वारला. बोर्दोच्या दयाळू निकालाची हकीकत आज आपणांस वाचावयास मिळते ती मुख्यतः या कठोर मनुष्याच्या १६१२ च्या ग्रंथामुळें, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग म्हटला पाहिजे.

तिसरा आरोपी या दोघांहून निराळा आहे. १६९१ सालीं स्वीडनच्या अमलाखालील लिव्होनियांत, म्हणजे हल्लींच्या लॅटव्हियांत, थीस नांवाचा ऐंशीं वर्षांचा शेतकरी एका चोरीच्या खटल्यांत साक्षीस आला. तो नरवृक असल्याचें सर्वांस ठाऊक आहे असें निघालें आणि म्हातारा स्वतःच साक्षीदाराचा आरोपी झाला. कोणी छळ न करितांच त्यानें सारें सांगितलें. आम्ही देवाचे शिकारी कुत्रे आहों. वर्षांतील ठराविक रात्रीं नरकांत उतरून चेटक्यांनीं चोरलेलें धान्य परत आणतों. तें न आणलें तर पीक बुडेल, असें त्याचें म्हणणें. धर्मोपदेशक त्यास पश्चात्ताप करावयास सांगूं लागला, तेव्हां आपणांस या गोष्टी त्याच्याहून अधिक समजतात असें त्यानें ठणकावून सांगितलें! १६९२ मध्यें त्यास फटके व हद्दपारी अशी शिक्षा झाली. त्याचें बोलणें लेखनिकानें तपशीलवार उतरून घेतलें. त्याचा अर्थ लावण्यास मात्र कार्लो गिन्झबर्गसारख्या विसाव्या शतकांतील इतिहासकारांस पुढें यावें लागलें.

खटले थांबले आणि नरवृक पुन्हा वाङ्मयांत परतला. १८४६-४७ मध्यें रेनॉल्ड्सची 'वॅग्नर, द वेअर-वुल्फ' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. हा लेखक मराठी वाचकांस परका नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या 'मधली स्थिति'स त्याच्याच एका कादंबरीचा आधार होता. पुढें १९४१ सालीं 'द वुल्फ मॅन' हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्याचा लेखक कर्ट सिओडमॅक हा नाझी जर्मनींतून परागंदा झालेला यहुदी होता. त्याच्या कथेंतील सज्जन तरुण इच्छेविरुद्ध लांडगा होतो, पुढच्या भक्ष्याच्या तळहातावर त्यास तारेची खूण दिसते, आणि शेवटीं रुप्याच्या मुठीच्या काठीनें जन्मदात्या बापाच्याच हातून तो मारला जातो.

अशा कथा वाचून अंगावर कांटा यावा हें स्वाभाविक आहे, आणि त्या घरोघरीं वाचल्या जाव्या यास आमचा विरोध नाहीं. मात्र अरण्यांतील उपाशी एकांतवासी, बापाचा मार खाल्लेला गुराखी आणि पिकाची काळजी वाहणारा म्हातारा, हे तिघेही त्या कथांच्या मागें उभे आहेत एवढें वाचकांनीं स्मरणांत ठेवावें. गांवावर संकट आलें म्हणजे वेशीबाहेरच्या माणसाकडे बोट दाखविणें फार सोपें असतें. त्यास कांहीं विचारावें हें सुचण्यास बोर्दोचें न्यायासन लागतें, आणि तसें न्यायासन गार्निएच्या वांट्यास आलें नाहीं.