ब्रासचा हिशेब
घरदुरुस्तीत ठेकेदाराशी वाद झाला की आपण त्याच्या दानतीवर संशय घेतो; माझ्या मते खरी उणीव मोजमापात असते. गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीच्या काळात, 1854 च्या सुमारास, उभ्या राहिलेल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात पुढे शिस्त रुजली: दर आधी ठरवायचा, झालेले काम मोजमाप पुस्तकात चढवायचे, मगच बिल. वाळूचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, हे गवंड्यांना आजही तोंडपाठ असते.

गिलावा खरवडल्याशिवाय ओल खाल्लेली वीट दिसत नाही, मग आधी करार कसा करायचा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच अशा कामात एकरकमी आकड्यापेक्षा दर ठरवावा आणि टेप लावून मोजावे. 1872 चा करार कायदा तोंडी बोलीही मानतो. पण वाढीव कामाचा दर काय ठरला होता, हे सहीच्या कागदाशिवाय सिद्ध करणे फार अवघड जाते.